मुख्य अर्जदार

निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजनं मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी सवयीनं सकाळचा डबा भरून झाला आणि आता हा घेऊन जायचं कुठे म्हणून मी ओट्यापाशी उभी होते. तेवढ्यात दार वाजलं. आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला कॅनडाला जायचं होतं आणि हातातला फॉर्म उलटा धरला की सुलटा इथपासून अडचण होती. आम्ही दोघींनी मिळून तो डबा खाल्ला, फॉर्म भरला आणि ती गेली. तिनं आणखी दोघींना सांगितलं असावं. नालवाडीतल्या माझ्या घराची पुढची खोली तेव्हापासून माझी राहिलेली नाही.

माझी सगळी नोकरी एका नर्सिंग कॉलेजच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये गेली. मार्कशीट, दाखले आणि ट्रान्सक्रिप्ट. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे कोणत्या वर्षी कोणता विषय किती तास शिकवला याचा सविस्तर उतारा. तो पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं आणि जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे वाटेत कोणी उघडलं तर कळावं. आमच्या पोरी आखातात गेल्या, इंग्लंडला गेल्या, कॅनडाला गेल्या. मी स्वतः नागपूर आणि शेगाव यांच्या पलीकडे फारशी गेले नाही, पण कोणत्या देशाला पुसट शिक्का चालत नाही हे मला तोंडपाठ होतं.

तर आता मी हेच करते. मी एजंट नाही, वकील नाही, कोणाला व्हिसा काढून देत नाही. अर्ज त्यांचा, सही त्यांची. कायद्याची अडचण असली तर मी त्यांना परवाना असलेल्या सल्लागाराकडे पाठवते. माझं काम कागद लावण्याचं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर पीआर म्हणजे परदेशात कायम राहण्याची परवानगी. नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट आपलाच राहतो, तिथे मत देता येत नाही, पण नोकरी सुटली म्हणून कोणी देश सोडायला सांगत नाही. कॅनडासारखा देश कुशल माणसं निवडताना गुण मोजतो. वयाचे, शिक्षणाचे, इंग्रजीचे, कामाच्या अनुभवाचे. ज्यांनी माहिती भरली ते सगळे एका मोठ्या यादीत जाऊन बसतात आणि अधूनमधून वरच्या गुणांच्या लोकांना बोलावणं येतं. बोलावणं आलं की साठ दिवसांत सगळे कागद द्यायचे. नवराबायको दोघं जाणार असतील तर त्यांतला एक मुख्य अर्जदार होतो आणि दुसरा त्याच्या मागे जातो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची येतात. एक काका महिन्यातून एकदा येऊन इंग्रजीची परीक्षा नसलेला देश निघाला का विचारून जातात. एक मुलगा मामाच्या दुकानातला चार वर्षांचा अनुभव घेऊन आला. त्याच चार वर्षांची त्याची कॉलेजची हजेरी पंच्याण्णव टक्के होती. मी दोन्ही कागद त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि चहा करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा मामाचा कागद त्याच्या खिशात गेला होता. तो पोरगा पुढे खरोखर दोन वर्षं काम करून परत आला, याचं मला फार बरं वाटतं.

एका माणसाबद्दल मात्र बरं वाटत नाही. त्यांना मी इथे खोब्रागडे म्हणते. लॅब टेक्निशियन, अत्यंत नेमस्त माणूस, वय चव्वेचाळीस. वयाचे गुण दर वाढदिवसाला उतरत जातात आणि पंचेचाळिसाव्याला शून्य होतात. त्यांच्या अनुभवपत्रात रुजू झाल्याची तारीख नव्हती, नुसता महिना होता. मी म्हटलं, तारखेचं पत्र आणा, कागद कसा चोख हवा. ते पत्र यायला दोन महिने लागले आणि तेवढ्यात त्यांचा वाढदिवस येऊन गेला. नुसत्या महिन्यावरही कदाचित भागलं असतं. कदाचित नसतंही. ते मला एवढंच म्हणाले की जाऊ द्या मॅडम, इथली माणसंही आजारी पडतातच. आता त्यांची स्वतःची लॅब आहे आणि माझी साखर तेच तपासतात. सुई टोचताना ते विचारतात, दुखलं का. मी नाही म्हणते.

झाडे कुटुंब माझ्याकडे आलं ते त्यानंतरच्या दिवाळीत.

रोशन झाडे हा मेकॅनिकल इंजिनिअर. एमआयडीसीतल्या कारखान्यात होता, सिंदी मेघेला स्वतःचं घर. त्याची फाइल इतकी नीटनेटकी होती की मला माझ्या जुन्या ऑफिसची आठवण झाली. रंगीत चिठ्ठ्या, अनुक्रमणिका, सगळं. तीन वर्षं तो यादीत बसून होता आणि दरवेळी थोडक्या गुणांनी राहत होता. आता वयाचेही उतरायला लागले होते. कुठे काही वाढवता येतं का पाहा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याची बायको शेजारी बसली होती, मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली. ती अर्धा तास एक शब्द बोलली नव्हती.

मी तिला विचारलं, तू काय करतेस. उत्तर रोशननं दिलं. ती सावंगीला स्टाफ नर्स आहे, तिचं मागून जोडायचंच आहे.

मी एक कोरा कागद घेतला. तिचं वय बत्तीस. नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. लग्नाआधी आर्वीला तीन वर्षं नोकरी, मुलगी झाल्यावर सावंगीला दोन. आरोग्यसेवेतल्या माणसांना तिकडे वेगळं बोलावतात आणि तिथे गुण कमी लागतात, हे रोशनला ठाऊक होतं. पण ते आपल्या घरात लागू पडतं असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला इंग्रजीत बरे गुण पडले असं धरून मी बेरीज केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तिला मुख्य अर्जदार करून रोशनला मागे जोडलं तर दार उघडण्याची चांगली शक्यता होती. जूनमध्ये तिला तेहतिसावं लागणार होतं. त्याआधी बोलावणं आलं तर जमलं, नाही तर गुण पुन्हा काठावर.

रोशननं बेरीज दोनदा तपासली. गणितात चूक नव्हती. तो म्हणाला, विचार करून सांगतो, आणि आपली सुंदर फाइल घेऊन निघून गेला. ती मागे वळून पाहत होती. ती बेरीज तिनं घडी करून पर्समध्ये टाकलेली मी पाहिली.

तीन आठवडे कोणी आलं नाही. मी समजले. हे मी आधीही पाहिलं होतं. फॉर्मवर बायकोचं नाव वर आणि आपलं खाली हे कित्येकांना पचत नाही. शिकलेल्यांना तर जास्तच.

मग एका दुपारी सत्तरीकडे झुकलेली एक बाई आली. नऊवारी नाही, साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. अंगणवाडीत तीस वर्षं सेविका होते, रोशनची आई आहे, असं तिनं सांगितलं. मी मनात तयारी केली. आता ही बाई मला सांगणार की पोराचा मान घालवू नका.

ती खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मॅडम, मले एक गोष्ट सांगा. माही सून पुढं झाली तं तिले माह्या पोराले संग नेता येते ना? का त्याले अठीच ठेवा लागन?"

मी म्हटलं, नेता येतं. तोही तिच्यासारखाच कायमचा राहू शकतो, नोकरी करू शकतो, मुलगीसुद्धा.

"मंग अडलं काय? मले वाटलं त्याचं तिकीटच कटते. तो तोंड पाडून फिरून राह्यला म्हून इचाराले आली."

तिनं घरी जाऊन काय सांगितलं मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी रोशन आणि त्याची बायको दोघं आले. रोशननं नवी फाइल आणली होती, नव्या रंगाच्या चिठ्ठ्यांची. पहिल्या पानावर बायकोचं नाव त्यानं स्वतः टाइप केलं होतं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला की इंग्रजी मी तिचं करून घेतो, माझे त्यात चांगले गुण आहेत. मी म्हटलं, तेच तुझं काम.

खरी पंचाईत त्या पहिल्या पानावरच होती. रोशननं टाइप केलं होतं, रोशनी रोशन झाडे. आधार कार्ड, पासपोर्ट, सगळं याच नावाचं. आणि मार्कशीट, डिप्लोमा, नर्सिंगची नोंदणी, आर्वीची नोकरी, हे सगळं वर्षा भाऊराव कोल्हे हिचं.

आपल्याकडे लग्नात बाईचं बापाचं नाव जातं, आडनाव जातं, ते लग्नाच्या दाखल्यावरून सिद्ध करता येतं. पण काही घरांत ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. रोशनशी जुळावं म्हणून हिचं रोशनी केलं होतं. आता तिकडच्या अधिकाऱ्याच्या बाजूनं पाहा. त्याच्यासमोर एक रोशनी झाडे आहे, जिच्याजवळ पासपोर्ट आहे पण शिक्षण नाही. आणि एक वर्षा कोल्हे आहे, जिच्याजवळ शिक्षण आहे पण ती सहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या दाखल्यावर सही करून नाहीशी झाली. दोघी एकच, हे म्हणणारा एकही सरकारी कागद नव्हता. पासपोर्ट काढताना कोणी तरी प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं, त्याची प्रतसुद्धा घरात नव्हती.

यावर उपाय गॅझेट. सरकारच्या राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणायचं. वर्षा कोल्हे हीच आता रोशनी झाडे, एवढी एक नोंद छापली की सगळ्या कागदांना तोच कागद जोडायचा. मी तसा अर्ज लिहायला घेतला. पुरावा म्हणून लग्नाची पत्रिका आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं नोटरीसमोरचं निवेदन जोडावं असं ठरवलं. नाव कोणी बदललं असं विचारलं तर रोशन म्हणाला, आईनं.

रोशनच्या आईला पुन्हा यावं लागलं. मी निवेदनाचा मसुदा तिला वाचून दाखवला. मी अमुक अमुक, माझ्या सुनेचं लग्नाआधीचं नाव वर्षा, ते लग्नात बदलून मी रोशनी ठेवलं. ती पेन हातात घेऊन थांबली. मग माझ्याकडे नाही, सुनेकडे पाहून तिनं विचारलं.

"काय वो, तुले आवडत होतं का हे नाव?"

सून खाली पाहत होती. खोलीत रोशन होता, मी होते. मला वाटलं ती हो म्हणेल. कोणतीही सून हो म्हणाली असती.

"नाई, आई."

"मंग सहा वर्सं काऊन नाई बोलली?"

"तुमी हौसेनं ठेवलं होतं."

रोशन घड्याळाकडे पाहत होता, ते कॉलेजनं दिलेलं घड्याळ. म्हातारीनं पेन टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं की हे उलटं करता येते का. म्हणजे रोशनीचं पुन्हा वर्षा.

येतं. पण त्याला गॅझेट एवढं एकच पुरत नाही. गॅझेट, मग त्यावरून आधार, मग त्यावरून नवा पासपोर्ट, आणि पासपोर्टासाठी पुन्हा पोलिसांची चौकशी. दोन-तीन महिने सहज जास्त. मी तसं स्पष्ट सांगितलं. जून डोक्यावर आहे, आत्ता सोपा रस्ता धरा, नाव तिकडे गेल्यावर बदलता येईल. खोब्रागड्यांची गोष्टही सांगितली, माझ्या चुकीसकट. रोशनलाही माझं पटत होतं.

वर्षा तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली. ती म्हणाली की मॅडम, वॉर्डात मला सगळे सिस्टर म्हणतात, घरी रोशनी म्हणतात, वर्षा मी आता फक्त मार्कशीटवर उरले आहे. तिकडे जाऊन मला पहिल्यापासून सगळं सुरू करायचं आहे, ते दुसऱ्याच्या नावानं करायची माझी इच्छा नाही. गुण कमी पडले तर पडले.

मी वाद घातला नाही. सासूनं तर केव्हाच माझा मसुदा उलटा करून ठेवला होता. "तिचं नाव तिले देऊन टाका," ती म्हणाली. "जे कागद लागन ते करा."

त्या हिवाळ्यात मी माझ्या नोकरीतही धावले नसेन एवढी धावले. गॅझेटचा अर्ज गेला. तो छापून येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही म्हणून मी आणि वर्षा आर्वीला गेलो, तिच्या जुन्या दवाखान्याचं अनुभवपत्र आणायला. दवाखाना बंद झालेला. खाली फर्निचरचं दुकान आणि वर डॉक्टर एकटे राहत होते. ऐंशीच्या घरातले. तिला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं, पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. मुलगी सुस्वभावी, चांगल्या घराण्यातली, वॉर्डात तिचा आवाज कधी वर ऐकू आला नाही.

आपल्याकडची सगळी अनुभवपत्रं अशीच असतात, स्थळाला लिहिल्यासारखी. तिकडच्या लोकांना तिचं घराणं नको असतं. आठवड्याला किती तास, कोणत्या तारखेपासून, इंजेक्शन देत होती का, बाळंतपणं पाहत होती का, हे हवं असतं. मी ते डॉक्टरांना जपून सांगितलं. ते म्हणाले, तास मी कधी मोजले नाहीत हो, ती यायची आणि काम संपलं की जायची. मग त्यांना काही आठवलं. त्यांनी फर्निचरवाल्याच्या माणसाला माळ्यावर चढवलं आणि हजेरीपटांची एक पेटी खाली आली. तीन वर्षांची पानं, रोज येण्याची वेळ, जाण्याची वेळ, वर्षाची बारीक सही. आम्ही तिघं जमिनीवर बसून संध्याकाळपर्यंत तास जुळवत होतो. दुसरं पत्र दोन पानी झालं. पहिलं पत्र डॉक्टरांनी फाडू दिलं नाही. ते म्हणाले, हेही खरंच आहे, हे तिच्याजवळ राहू दे.

गॅझेट छापून आलं. आधार बदललं. पासपोर्टाचा अर्ज गेला, आणि मार्चमध्ये एका सकाळी रोशनचा फोन आला. एवढा शांत मुलगा, पण त्याचा आवाज चिरका झाला होता. पोलीस चौकशीला येऊन गेले होते. घरात त्या वेळी कोणी नव्हतं. हवालदारानं शेजारीपाजारी विचारलं, वर्षा झाडे इथे राहते का. गल्लीतल्या चार घरांनी छातीठोक सांगितलं की अशी कोणी बाई इथे राहत नाही. झाड्यांची एकच सून आहे, तिचं नाव रोशनी.

त्यात हवालदाराची काय चूक, आणि शेजाऱ्यांची तरी काय. ते तर खरंच बोलले होते. पण तसा अहवाल गेला असता तर पासपोर्ट अडकला असता आणि जून हातचा गेला असता. मी रोशनला म्हटलं, गॅझेट घे, लग्नाचा दाखला घे आणि आधी ठाण्यात जाऊन त्यांना भेट. तो गेला. हवालदार भला माणूस होता, अहवाल अजून लिहायचा होता. उद्या पुन्हा येतो म्हणाला, पण शेजारचे दोन जण ओळखणारे पाहिजेत.

रोशनची आई मूर्तिजापूरला बहिणीकडे गेली होती. ती त्याच संध्याकाळी परतली, झाला प्रकार ऐकला आणि पिशवी न ठेवताच बाहेर पडली. तीस वर्षं तिनं घरोघरी जाऊन कोणत्या घरात किती लेकरं, कोणाला डोस द्यायचा राहिला, याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्याच पद्धतीनं ती गल्लीच्या एका टोकाकडून निघाली. बरोबर सुनेला घेतलं. प्रत्येक दारात थांबायची, सुनेला पुढे करायची आणि सांगायची की हिचं नाव वर्षा आहे, मीच मधात बदललं होतं, आता तिचं तिला परत दिलं. कोणी विचारलं काऊन, तर म्हणायची, तिले पाह्यजे म्हून. वर्षानं मला नंतर सांगितलं की पहिल्या दोन दारांत तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाचव्या दारापासून ती स्वतःच सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा विचारायच्या आधीच चार जणी अंगणात येऊन उभ्या होत्या. हीच वर्षा, असं त्या चौघी एकदम बोलायला लागल्या. त्यानं म्हणे हात जोडले आणि सांगितलं की दोनच पुरे.

पासपोर्ट एप्रिलमध्ये आला. शिक्षणाचे कागद त्यानंतर तिकडच्या तपासणीला गेले. तिचं कॉलेज आमचंच, तेव्हा ट्रान्सक्रिप्टच्या पाकिटावर शिक्का मारायला माझ्या जागी आलेली मुलगी होती. मी तिथे उभी राहून तिला शिक्का जरा दाबून मार म्हणून सांगितलं. तिनं ते मनावर घेतलं नसावं, पण शिक्का छान उठला. इंग्रजीची परीक्षा वर्षा नागपूरला जाऊन दोनदा देऊन आली. पहिल्यांदा बोलण्यात गुण कमी पडले. रोशनच्या शिकवणीत एकच दोष होता, तो बरोबर उत्तर स्वतःच देऊन टाकायचा. दुसऱ्या वेळेस तिनं त्याला प्रश्न विचारून गप्प बसायला सांगितलं आणि मग तिचे गुण त्याच्यापेक्षा थोडे जास्त आले. हे मला त्यानंच सांगितलं, आणि हसून सांगितलं.

मेच्या शेवटी तिचं नाव यादीत गेलं. मग काही करण्यासारखं उरलं नाही. मी या कामातला हा भाग कधीच नीट सहन करू शकले नाही. कागद आपल्या हातात असतो तोवर माणूस शहाणा असतो.

पहिल्या वेळेस आरोग्यसेवेच्या बोलावण्यात तिचे गुण बसले नाहीत. थोडक्यात राहिले. मी त्या रात्री जेवले नाही आणि मनातल्या मनात हिशेब केला की सोपा रस्ता धरला असता तर ती मार्चमध्येच यादीत असती. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला, मलाच धीर हवा होता. ती वॉर्डात होती. शांतपणे म्हणाली, मॅडम, वाढदिवस झाल्यावरसुद्धा मी नर्सच राहणार आहे ना.

वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना पुन्हा बोलावणी निघाली, आणि या वेळी गुणांची अट थोडी खाली आली होती. रोशन कारखान्यातून थेट माझ्याकडे आला, हेल्मेट न काढता. मोबाईल माझ्यापुढे धरला. वर्षा रोशन झाडे, मुख्य अर्जदार. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग तो मला म्हणाला, तिला अजून सांगितलं नाही, ड्युटीवर फोन घेत नाही ती. त्याची गाडी माझ्या दारात ठेवून आम्ही दोघं रिक्षानं सावंगीला गेलो. दवाखान्याच्या दारापाशी तासभर थांबलो. ती बाहेर आली, त्यानं काही न बोलता मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, आणि मग नवऱ्याला विचारलं, तू हेल्मेट घालूनच रिक्षात बसला काय.

पुढचं सगळं सरळ झालं. पोलिसांचा दाखला, मेडिकल, फोटो. आठेक महिन्यांनी ते तिघं गेले. मी कोणाला खोटं सांगत नाही. पीआर मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हे. तिथे नर्स म्हणून काम करायला वर्षाला पुन्हा परीक्षा द्याव्या लागल्या, तोवर तिनं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या. रोशननं पहिलं वर्ष गोदामात खोकी उचलली. तो मला व्हिडिओवर खोक्यांची रास दाखवून म्हणाला, मॅडम, याला अनुभवपत्र मिळेल का. आता तो एका वर्कशॉपमध्ये आहे आणि वर्षा खऱ्या वॉर्डात. पगारापेक्षा मला तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो जास्त आवडला.

गेल्या वर्षी रोशनची आई त्यांच्याकडे सहा महिने राहून आली. तिचा व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म मीच भरला होता. परत आल्यावर ती नालवाडीला मला भेटायला आली, तिकडची बिस्किटं घेऊन. थंडीची, बर्फाची, नातीच्या शाळेची हकीकत झाली. मग तिनं सांगितलं की एका रविवारी सुनेच्या दवाखान्यातल्या सात-आठ बाया घरी जेवायला आल्या होत्या. म्हातारीनं पिठलं, पोळ्या आणि ठेचा केला होता.

"साऱ्या जनी मले वर्षाची माय समजल्या," ती म्हणाली.

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं नाही का, सासू आहे म्हणून.

"रोशन सांगाले गेलता. मी त्याले आतून पोया आणाले धाडलं."